भुरक्याची उभी टोपली

फार पूर्वी, गावोगाव धान्य बांबूच्या कणग्यांत साठवलं जायचं त्या काळी, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक बुरूड आणि त्याची बायको राहत होती. बुरुडाचं नाव सुभाना, बायकोचं ठकू. सुभाना बांबू फोडून कामट्या काढायचा आणि ठकू विणायला बसायची. सुपं, परड्या, रोवळ्या, टोपल्या असं सगळं दोघं मिळून करायची. ठकूच्या हातची टोपली इतकी घट्ट असे, की तिच्यातून पाणीसुद्धा विचारून बाहेर पडतं, असं लोक म्हणायचे.

त्यांच्या घरामागे बांबूचं बेट होतं. एका वर्षी साळिंदरांनी तिथे धुमाकूळ घातला. जमिनीतून कोवळा कोंब वर आला रे आला, की साळिंदर तो कुरतडून टाकायचं.

ठकू म्हणाली, "अहो, असंच चाललं तर पुढे विणायचं काय? आपल्या हाताची बोटं?"

"राखणीला कुत्रा हवा," सुभाना म्हणाला.

डोंगरावर म्हाकू धनगराचा मेंढरांचा वाडगा होता. त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. दोघं तिकडे गेली. पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. म्हाकू म्हणाला, "वहिनी, निवड तुम्ही करू नका. त्यांना करू द्या. जे स्वतः चालत येईल ते तुमचं."

ठकू खाली बसली. थोड्याच वेळात एक तांबूस पिल्लू धडपडत आलं, त्याने तिच्या पदराचं टोक तोंडात धरलं आणि तिथेच बसून राहिलं. म्हाकू हसला. "झालं की! आता हा तुमचाच."

घरी आल्यावर ठकूने त्याच्यापुढे आंबिलीची वाटी ठेवली. पिल्लाने सगळी आंबील एका दमात इतक्या जोरात भुरकली, की सुभाना म्हणाला, "याचं नाव भुरका!" आणि तेच नाव पडलं.

पण हा आनंद फार वेळ टिकला नाही. भुरका चार पावलं चालला, त्याने मान खाली घातली आणि प्यायलेली आंबील जशीच्या तशी बाहेर आली.

"नवी जागा आहे, बावरला असेल," ठकू म्हणाली.

संध्याकाळी दूधभाकरी दिली. तीही तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी भात दिला, मग ताक दिलं, मग नुसती पेज दिली. काहीही दिलं तरी पिल्लू अधाशासारखं खायचं, शेपूट हलवायचं आणि थोड्या वेळाने सगळं अंगणात पडायचं. मग ते केविलवाणं होऊन पुन्हा रिकाम्या वाटीकडे बघत बसायचं. काही दिवसांतच त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. झोपेत ते खोकायलाही लागलं.

गाव म्हटलं की सल्ले आलेच. कोणी म्हणालं, दृष्ट लागली, काळा दोरा बांधा. कोणी म्हणालं, उपाशी ठेवा, आपोआप ताळ्यावर येईल. शेजारची कोष्टीण मनाने फार प्रेमळ होती. ती रोज कुंपणावरून डोकावून म्हणायची, "ठकूबाई, अगं, पोटभर घालत नसशील तू त्याला!" ठकूने दोराही बांधला आणि पोटभरही घातलं. पिल्लू मात्र वाळतच गेलं.

शेवटी ती त्याला वैद्यबुवांकडे घेऊन गेली. वैद्यबुवा माणसांचं औषध करायचे, पण गाईगुरांनाही ते नाही म्हणत नसत. त्यांनी पिल्लाचं पोट चाचपलं, जीभ पाहिली. मग म्हणाले, "याला माझ्यासमोर खायला घाल."

ठकूने भाकरीचा काला घातला. वैद्यबुवा मांडी घालून शेजारी बसले आणि खाल्लेलं परत येईपर्यंत उठले नाहीत.

"ही उलटी नव्हे," ते म्हणाले. "उलटीच्या आधी पोट ढवळतं, अंग आखडतं. याचं तसं काही झालं नाही. घास पोटात पोचलाच नाही मुळी. तोंडापासून पोटापर्यंत जी नळी असते, तिच्यात घास खाली ढकलण्याचं बळ नाही. जन्मापासूनच नसावं."

"मग औषध द्या ना, बुवा."

वैद्यबुवांनी मान हलवली. "माझ्याकडे याला औषध नाही. असं सांगणं माझ्या जिवावर येतं. पण उगाच एखादी पुडी बांधून तुला खोटी आशा द्यायची नाही मला. आणखी एक सांगतो. हा खोकतो ना, त्याकडे लक्ष ठेव. परत येणारं अन्न छातीत उतरलं, तर ते जिवावर बेतेल."

ठकू घरी आली तेव्हा म्हाकू अंगणात बसला होता. कोणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं होतं. बगलेत एक दुसरं पिल्लू होतं, काळंभोर आणि गुटगुटीत.

"वहिनी, माझ्याकडच्या पिल्लात खोट निघाली, मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "हे घ्या. चांगलं धडधाकट आहे. तो मला परत द्या."

"त्याचं तुम्ही काय कराल, म्हाकूदादा?"

म्हाकूने डोंगराकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. "कळप चालता असतो, वहिनी. मागे पडलेल्यासाठी थांबता येत नाही," तो हळूच म्हणाला.

सुभाना बराच वेळ जमिनीवर रेघोट्या ओढत होता. मग म्हणाला, "ठकू, तो सांगतोय त्यात खोटं काही नाही. आपल्याला राखणीला कुत्रा हवाय. आणि याला असं झुरताना बघवतं का तुला?"

"नाही बघवत," ठकू म्हणाली. "पण मला सांगा, टोपली सदोष निघाली तर आपण बदलून देतो. का देतो? टोपलीला आपण नाव ठेवत नाही, ती आपल्या हाकेला धावत येत नाही. याला आपण हाक मारली आणि हा आला. आता याला बदलून कसा आणू?"

ठकू म्हाकूकडे वळली. "दादा, तुमचा राग नाही. पण हा या घरचा आहे. याचं जे होईल ते याच अंगणात होईल."

म्हाकू काळं पिल्लू घेऊन परत गेला. जाताना तो भुरक्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

त्यानंतर ठकूने एक गोष्ट ठरवली. रडायचं ते नंतर, आधी नीट बघायचं. काय खाल्लं की लवकर परत येतं, काय थोडं उशिरा येतं, तो कसा बसतो, कसा झोपतो, सगळं ती बघू लागली. पातळ पेज चटकन परत येते, घट्ट गोळा जरा टिकतो, एवढं तिच्या ध्यानात आलं. पण तेवढ्याने पोट भरत नव्हतं.

आणि मग एका सकाळी गंमत झाली. ठकू नदीवर गेली होती. तिने कालवलेली भाकरी बांबूच्या मोळ्यांच्या ढिगावर ठेवली होती. भुरका मागच्या पायांवर उभा राहिला, त्याने पुढचे पाय मोळीवर टेकवले आणि सगळी भाकरी चाटूनपुसून खाल्ली. खाऊन झाल्यावर खाली उतरायला गेला, तर पुढचे पाय दोन बांबूंच्या फटीत अडकलेले! तो उभ्याउभ्याच कुईकुई करायला लागला.

सुभाना जवळच परडीचा काठ बांधत होता. काठ अर्धवट सोडला तर सगळी वीण सुटते. "थांब रे चोरा! एवढं होऊ दे, मग सोडवतो," तो म्हणाला आणि काठ पुरा करूनच उठला. त्याने भुरक्याला सोडवलं आणि सवयीने राखेची टोपली हातात घेतली, अंगणातली घाण झाकायला.

पण भुरक्याने मान खाली घातलीच नाही. तो अंगणभर हिंडला, कोंबडीच्या मागे धावला, उन्हात आडवा झाला. बाहेर काहीच आलं नाही.

सुभाना राखेची टोपली हातात धरून तसाच उभा राहिला. ठकू नदीवरून आली तेव्हा तो इतकंच म्हणाला, "धुणं ठेव खाली. आणि जरा भाकरी कालव."

या वेळी त्याने भुरक्याला दोन्ही हातांनी लहान मुलासारखा उभा धरला. ठकूने लहान लहान गोळे करून भरवले. भरवून झाल्यावरही सुभानाने त्याला खाली सोडलं नाही. त्याचे हात भरून आले, भुरक्याने त्याला ओरबाडलं, तरी सोडलं नाही. मग हळूच खाली ठेवला. दोघं श्वास रोखून बघत राहिली.

भुरक्याने जांभई दिली आणि झोपून गेला.

"अहो," ठकू कुजबुजली, "राहिलं!"

"घागर आडवी धरली की पाणी सांडतं," सुभाना म्हणाला. "उभी धरली की तळाशी जातं. त्याच्या नळीत बळ नाही ना? नसू दे. अन्नाला स्वतःचं वजन आहे की. ते आपोआप खाली उतरेल. आपण फक्त याला उभा ठेवायचा."

आता प्रश्न आला, रोज इतका वेळ धरून कोण ठेवणार? तो प्रश्न बुरुडाच्या घरात फार काळ टिकला नाही. ठकूने एक उंच, निमुळती टोपली विणली. भुरक्याला तिच्यात उभा बसवला, तर तो टोपलीसकट कलंडला आणि गडगडत कुंपणापर्यंत गेला. दुसरी टोपली रुंद झाली, तिच्यात तो वेटोळं करून झोपला. तिसऱ्या टोपलीला सुभानाने जाड बांबूची बैठक केली. ठकूने पाठ उंच ठेवली, आतून जुन्या घोंगडीचा तुकडा लावला आणि पुढे वाटीसाठी एक फळी बांधली. भुरका त्यात दोन पाय पुढे टाकून असा ऐटीत बसला, जसा गावचा पाटीलच चावडीवर बसलाय.

दिवसातून अनेकदा थोडं थोडं खायला द्यायचं, घट्ट गोळे करून द्यायचं, आणि खाऊन झालं की एका परडीचा काठ बांधून होईपर्यंत टोपलीतून काढायचं नाही, हा त्यांचा नेम झाला. सुरुवातीला भुरका आरडाओरडा करायचा. पुढे पुढे त्यालाच कळलं. वाटीचा आवाज झाला की तो आपणहून टोपलीपाशी जाऊन उभा राहायचा.

लोक मात्र हसले. "बुरुडाच्या घरी कुत्रा सिंहासनावर जेवतो!" अशी थट्टा पाणवठ्यावर रंगली. ठकूला ते लागलं. तिने टोपली अंगणातून उचलून मागच्या पडवीत नेली. कोणी विचारलं तर ती "आता बरा आहे हो," म्हणून विषय बदलायची.

इथेच तिची चूक झाली.

कोष्टिणीच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवात भुरका हिंडत होता. त्याच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं, डोळे चमकत होते. कोष्टिणीला त्याचा लळा होताच. "ये रे माझ्या राजा! आज तरी पोटभर खा," म्हणत तिने पत्रावळीवर लाडू आणि भात वाढून त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला. भुरक्याने सगळं फस्त केलं आणि मांडवाच्या कडेला आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठलाच नाही. अंग तापलं होतं, श्वास घुरघुरत होता. वैद्यबुवा धावत आले. त्यांनी छातीला कान लावला आणि म्हणाले, "ज्याची भीती होती तेच झालं. अन्न छातीत उतरलंय. काढा देतो. छातीच्या या दुखण्याशी तो काढा लढेल. पण किती लढेल ते मी सांगू शकत नाही."

ठकूने त्याला मांडीवर घेतलं. डोकं वर ठेवून थेंब थेंब काढा पाजला. सुभानाने विटकर तापवून फडक्यात गुंडाळली आणि छाती शेकली. सकाळ गेली, दुपार कलली. भुरका डोळे मिटून पडून होता.

इतके दिवस खंबीर राहिलेली ठकू तेव्हा पहिल्यांदा खचली. "अहो," ती म्हणाली, "म्हाकूदादा म्हणाला तेच खरं होतं का? हा माझा हट्ट, आणि हाल याचे. आपण याला उगाच ओढून धरलंय का?"

काही महिन्यांपूर्वी हाच प्रश्न सुभानाच्या मनात होता. आता तो तिच्याशेजारी बसला. "त्याचं शेपूट बघ," तो म्हणाला.

ठकूने पाहिलं. तिचा आवाज ऐकून शेपटीचं टोक घोंगडीवर हलत होतं. अगदी जरासं.

"ज्या दिवशी तुझ्या आवाजाला हे हलायचं नाही, त्या दिवशी मी स्वतः म्हणेन, ठकू, आता पुरे. मी ते तुझ्यावर टाकणार नाही. पण आज हे हलतंय. मग आज आपण शेकायचं, काढा द्यायचा आणि घाबरायचं नाही. उद्याचं उद्या बघू."

ठकूने डोळे पुसले आणि पुन्हा काढ्याची वाटी हातात घेतली.

इतक्यात कोष्टीण रडत दारात आली. "ठकूबाई, माझ्या हातून पाप घडलं गं! मला काय माहीत?"

ठकूच्या ओठांवर कडू शब्द आले होते. पण तिने स्वतःलाच विचारलं, हिला सांगितलं कोणी होतं? थट्टेच्या भीतीने आपणच तर टोपली पडवीत लपवली. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही मायेने दिलंत. सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. या, आत या. दुसरी विटकर तापवायला हवी."

दोन्ही घरं मिळून झटली. भुरक्याचा ताप हटायला बरेच दिवस लागले. एका सकाळी त्याने मान उचलली, इकडेतिकडे पाहिलं आणि वाटीसाठी भुंकला. आवाज फाटका होता, पण तो ऐकून वैद्यबुवासुद्धा मोठ्याने हसले.

त्याच दिवशी ठकूने उभी टोपली पडवीतून बाहेर काढली आणि अंगणाच्या मधोमध, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याला ती थांबवून सांगू लागली, "हा आजारी आहे आणि जन्मभर राहणार आहे. हा खाली मान घालून खाऊ शकत नाही. याच्यावर माया असेल तर या, खेळा, पण हात रिकामे घेऊन या."

आणि नवल म्हणजे, सांगितल्यावर कोणी हसलं नाही. उलट गावातली मुलं एकमेकांना दटावू लागली, "भुरक्याला काही देऊ नकोस रे! त्याचं जेवण टोपलीत असतं!" कोष्टीण तर त्याची पहारेकरीणच झाली. लग्नकार्य कुठेही असो, भुरका मांडवात दिसला की ती त्याला उचलून घरी आणून सोडायची.

भुरका मोठा झाला. अंगाने तो बारीकच राहिला, अधूनमधून खोकायचा, कधी एखादं जेवण परतही यायचं. पण आवाज असा खणखणीत, की साळिंदरांनी बांबूच्या बेटाचा नाद सोडला. तो मोठा होईल तशा टोपल्याही मोठ्या विणाव्या लागल्या.

त्याची कीर्ती डोंगरापलीकडे गेली. एके दिवशी दूरच्या गावाहून एक तरुण तेलीण आली. पदराखाली एक पिल्लू होतं. "मावशी, तुमच्या कुत्र्याचा असाध्य आजार बरा झाला म्हणे," ती म्हणाली. "माझ्या पिल्लाला फेपरं येतं. नुकताच आणलाय मी त्याला. घरचे म्हणतात, सोडून दे. मला ती टोपली द्या. काय हवं ते देते."

ठकूने तिला पाणी दिलं आणि शेजारी बसवून घेतलं. "बाई गं, माझा भुरका बरा झालेलाच नाही," ती म्हणाली. "आजार जिथे होता तिथेच आहे. आम्ही फक्त त्या आजाराच्या मापाने आमचं घर बदललं. ही टोपली भुरक्याच्या मापाची आहे. तुझ्या पिल्लाला ती काय कामाची?"

तेलिणीचा चेहरा उतरला. "मग मी करू काय?"

"मला एक सांग. फेपरं येण्याआधी तो काय करतो?"

"काय करणार? एकदम पडतो."

"आठवून सांग. घाई करू नकोस."

तेलीण विचारात पडली. पिल्लाच्या कानामागे बोटं फिरवत ती हळूहळू म्हणाली, "आधी... आधी तो चुलीपासचा उठतो. घुटमळतो. मग माझ्याकडे येतो आणि पायाला अंग घासत राहतो. हो, दर वेळी! मावशी, तो दर वेळी माझ्याकडेच येतो!"

"मग? तू काय करतेस?"

"मी घाबरून मागे सरते."

"तो बिचारा येऊन तुला सांगतोय, आता मी पडणार आहे म्हणून," ठकू म्हणाली. "तुला आधीच कळतं, ही केवढी मोठी गोष्ट आहे! आता मागे सरू नकोस. विस्तव दूर कर, खाली गोधडी अंथर आणि शेजारी बस. बाकीचं वैद्यबुवांना विचारू, त्यांना माहीत असेल तेवढं ते खरं सांगतील. पण सुरुवात तुझी तूच केलीस बघ."

तेलीण वैद्यबुवांकडे जाऊन आली. परतताना तिची चाल वेगळी होती. आता पिल्लू पदराखाली नव्हतं. तिने ते खांद्यावर घेतलं होतं, आणि वाटेत भेटणाऱ्याला ती स्वतःहून सांगत होती, "याला फेपरं येतं. पण मला आता त्याची आधी खूण कळते."

तात्पर्य काय, तर प्रत्येक आजार घालवणं आपल्या हातात नसतं, पण आजाऱ्याकडे नीट बघणं, चार लोकांना उघड सांगणं आणि त्याच्या मापाने आपलं घर बदलणं नेहमीच आपल्या हातात असतं. आणि ज्याला आपण एकदा हाक मारून आपलं म्हटलं, त्याचं तेवढं देणं लागतोच.